एक लिटर म्हणजे किती?

अक्का,

तुझ्या दहाव्याला आलेल्या बायकांपैकी निम्म्या जणी माझ्या पाठीवरून हात फिरवत एकच बोलल्या. "सुटली बिचारी." मी मान हलवत राहिले. उलट बोलायची ती जागा नव्हती. पण कशातून सुटलीस गं तू? शेवटच्या दिवशी तू माझ्याकडे पाणी मागत होतीस आणि मी देत नव्हते. सुटलीस ती माझ्या हातातून. हे त्या बायकांना माहीत नाही. दत्तालाही मी पुरतं सांगितलेलं नाही. तुझ्या लेकाला कुठल्या तोंडाने सांगू? तुला मात्र सगळं ठाऊक आहे, म्हणून तुझ्याशीच बोलते. आणि मी रागात आहे, तेव्हा मधूनमधून तुझ्यावरही ओरडेन. आयुष्यभर तू मला बोलू दिलं नाहीस, आता ऐकून घे.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर तुझ्या पायांवर सूज आली. पारनेरच्या डॉक्टरांनी नगरला पाठवलं. नगरच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवलं. हृदय अशक्त झालंय, रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, म्हणून अंगात पाणी साठतं, असं त्यांनी सांगितलं. घरी सोडताना दत्ताच्या हातात एक कागद दिला. सगळा इंग्रजीत. गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ होती, दिवसाला एक लिटरच पाणी. तीही इंग्रजीत. कागद देणारा डॉक्टर दत्ताला म्हणाला, "पाणी कमी द्या," आणि पुढच्या खाटेकडे वळला.

कमी म्हणजे किती, हे दत्ताने विचारलं नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हते, पण असते तरी मीही विचारलं नसतं. त्याने कागदाचा फोटो पाठवला तेव्हा मी ती ओळ वाचली आणि तुला फोनवर सांगितलं, "हो गं अक्का, पाणी कमी करायचंय, सांभाळ." झालं माझं कर्तव्य. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाकडून घोकून घेतलं, एक लिटर म्हणजे हजार मिलिलिटर. लिटरचे मिली केले, मिलीचे लिटर केले. लिटरचे तांबे करून दाखव, असं एकाही पोराला सांगितलं नाही. स्वतःच्या बहिणीलाही नाही.

तू तुझ्या परीने केलंस. रानात दिवसाला पाच तांबे पिणारी बाई दोन तांब्यांवर आलीस. सकाळी एक, दुपारनंतर एक. फोनवर किती अभिमानाने सांगितलंस! "निम्म्याहून कमी केलं की गं कुसे. जीव कासावीस हुतो, पन करते." मी म्हटलं, शाबास.

तिसऱ्या आठवड्यात सूज पोटापर्यंत चढली. तुला आडवं होता येईना. दत्ताने जीप करून पुन्हा नगरला आणलं, आणि त्या वेळी मी केडगावच्या माझ्या घरून रिक्षाने तुमच्या आधी पोचले होते. त्या सकाळचा सगळा प्रसंग मला शब्दान् शब्द आठवतो.

मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे दोघं शिकाऊ.

"आजी, पाणी किती पिता?"

"दोन तांबे," तू म्हणालीस.

"तांब्या म्हणजे किती?"

तू सलाईन लावलेला हात सांभाळत दोन्ही पंजांनी तांब्याचा आकार करून दाखवलास. मागचे दोघे हसले. मोठे डॉक्टर हसले नाहीत, चिडले. "एक लिटर लिहून दिलं होतं ना? स्वतःला वाचता येत नाही तर घरात विचारायचं कुणाला तरी. ही माणसं ऐकतच नाहीत. नुसता अडाणीपणा!"

वॉर्डात बारा खाटा होत्या. बारा खाटांवरच्या माणसांनी आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांनी ते ऐकलं. तू पांघरुणाच्या काठाकडे बघत राहिलीस. दत्ता फरशीकडे. आणि अक्का, मी, तुझी शिकलेली बहीण, काय म्हणाले? "सॉरी डॉक्टर, आता काळजी घेऊ."

कुणाच्या वतीने मी माफी मागितली? लग्न होऊन गेलीस तेव्हापासून तू त्या कोरड्या गावात विहिरीवरून हंड्याने पाणी वाहिलंस. आंघोळीला किती, जनावरांना किती, प्यायला किती, हे तुझ्याइतकं नेमकं कुणाला माहीत होतं? नवरा गेल्यावर दोन म्हशींवर घर ओढलंस. गावात घरोघर दूध घातलंस, अर्ध्या लिटरच्या मापाने, आणि माप भरल्यावर वर एक धार सोडून. एका घराने कधी म्हटलं नाही की अक्काचं दूध कमी भरलं. त्या बाईला मापातलं कळत नाही म्हणून बारा खाटांसमोर झापलं, आणि मी त्या माणसाला सॉरी म्हटलं.

दवाखान्यातून सोडल्यावर तू माझ्याकडे केडगावलाच राहायला आलीस, दवाखाना जवळ पडावा म्हणून. रिक्षात तू फाईल मांडीवर धरून बसली होतीस. रेल्वे पुलाच्या अलीकडे अचानक म्हणालीस, "लिटर म्हनाला असता तर मला समजलं असतं. मी जलमभर दूध मापलंय. त्यो कमी म्हनाला. मी कमी केलं."

मला तेव्हाच तुझ्या पाया पडायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे गं."

पण तू जाऊ देणारी नव्हतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताला फोन करून गावाकडून तुझं अॅल्युमिनियमचं माप मागवलंस, तुझा तांब्या मागवलास, आणि माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून बसलीस. "आण तुझी भांडी. बघू एक लिटर कुनाला म्हनत्यात."

ती सकाळ मला कुणी परत दिली तर मी बाकीचं सगळं सोडून देईन. आधी तांब्या. अर्ध्या लिटरचं माप एकदा ओतलं, दुसऱ्यांदा ओतलं, आणि दुसरं माप संपता संपता तांब्या काठोकाठ आला. म्हणजे तुझा एक तांब्या जवळजवळ लिटरभर. तू तांब्याकडे बघितलंस आणि डोक्याला हात लावलास. "म्हंजी पयल्या तांब्यातच दिवस संपत हुता व्हय!"

मग फुलपात्र. अर्ध्या लिटरात अडीच फुलपात्री बसली. आमटीची वाटी, दीडशे. चहाचा कप मोजायला माप मोठं पडलं, तेव्हा मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण आणलं, दहा मिलीचं. कपात नऊ टोपणं मावली. तू प्रत्येक टोपण मोठ्याने मोजलंस, बाजारात मापट्याने ज्वारी मोजावी तसं. "लाभ, दोन, तीन..." एकाला लाभच म्हणालीस, सवयीने.

शेवटी घोट राहिला. "घोट किती मिलीचा, लिव्हलंय का कुठं?" तू विचारलंस. कुठे लिहिलेलं असणार? तू तोंडात पाणी घेतलंस आणि वाटीत परत सोडलंस. टोपणाने मोजलं तर तीन टोपणांना थोडं कमी. मग मला घ्यायला लावलंस. माझं दीड टोपण भरलं. "चिमनीचा घोट तुझा," म्हणालीस आणि दम लागेपर्यंत हसलीस. मी घाबरून तुझी पाठ चोळत होते आणि मलाही हसू आवरत नव्हतं.

भांडण झालं ते कालवणावरून. मी म्हटलं, आमटी, ताक, चहा, सगळं त्या एका लिटरात धरायचं. तू मापावर हात आपटलास. "कालवान म्हंजी जेवान. ते पानी कसं?"

"पातळ आहे ते, अक्का. अंगात पाणीच होतं त्याचं."

"मग भाकरी काय कोरडी गिळू? दूध बी पानी, ताक बी पानी. उद्या म्हनशील, रडलीस तर ते वजा करते."

हो, भांडलीस, पण शेवटी बसवलंसही तूच. दोन कप चहा, एकशे ऐंशी. दोन्ही जेवणांना एकेक वाटी कालवण, तीनशे. अर्धं फुलपात्र ताक, शंभर. प्यायला दोन फुलपात्री पाणी, चारशे. सगळ्या गोळ्यांना मिळून एक घोट, तोही माझा, चिमणीचा. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. मिलीचा आकडा कुठेच लिहिला नाही. नुसते कप, वाट्या, फुलपात्री. तुला वाचता येत नव्हतं म्हणून तू सांगितलंस तशी भांड्यांची चित्रं काढली. तुझं फुलपात्र म्हणे मी बादलीसारखं काढलं होतं.

त्या कागदावर तू सव्वा वर्ष काढलंस. सूज उतरली. गच्चीवर जाऊन मिरच्या वाळत घालू लागलीस. महिन्याला तपासायला गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी वजन बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड, आता ऐकायला लागल्या." ऐकायला लागल्या! तू बाहेर आल्यावर म्हणालीस, "ह्येनं सांगितलंच कवा, ऐकायला?"

आणि मग तू त्या बाकड्यावर तुझंच दुकान मांडलंस. तपासणीच्या खोलीबाहेर दोन-दोन तास बसावं लागायचं. तू शेजारच्या बाईला विचारायचीस, "तुमास्नी किती सांगितलंय पानी?" एकीला आठशे, एकाला दीड लिटर, एकाला नुसतं कमी. पारनेरकडची सुमन तिथेच भेटली तुला, तिच्या नवऱ्याचं दुखणं तुझ्यासारखंच. त्याला दीड लिटर सांगितलं होतं आणि ती घाबरून त्याला कपभर कपभर पाणी देत होती. तू तिला विचारलंस, "घरी दुधाची पिशवी येती का? अर्ध्या लिटरची? तसल्या तीन पिशव्या रिकाम्या धुऊन ठेव. सकाळी तिन्ही पान्यानं भर. चहा दिला की कपभर पानी पिशवीतून काढून झाडाला घाल. कालवान दिलं की वाटीभर काढ. राहील ते त्याचं." सुमनने तुझे हात धरले होते. मी बत्तीस वर्षं शिकवलं, मला हे सुचलं नव्हतं. मी तुला हे सांगितलं नाही कधी. आज सांगते. अक्का, माझ्यापेक्षा चांगली मास्तरीण तू होतीस.

तिथली सिस्टर मात्र तुला काय म्हणाली? "आजी, तुम्ही डॉक्टर आहात का? पेशंटला काहीबाही सांगू नका." त्या खेपेला मी तोंड उघडलं. म्हटलं, "मग तुम्ही सांगा. कुणीतरी सांगा." तिने माझ्याकडे वर्गाबाहेर काढल्यासारखं बघितलं. तू माझा पदर ओढलास. "बस खाली, नंबर पुढं ढकलतील आपला." पण रिक्षात बसल्यावर माझ्या मांडीवर थाप मारलीस. तुझी एवढीच शाबासकी.

आता जे बोलायचं नाही ते बोलते.

यंदाचा चैत्र आठव. ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. तू म्हणालीस, "घाम चाललाय नुसता. जेवढा घाम गेला तेवढं वाढवून दे की. थंडीत एक लिटर आनि उन्हात बी एकच लिटर, ह्ये कसलं माप?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तुझा प्रश्न बरोबर होता. डॉक्टरांना विचारण्यासारखा होता. पुढच्या तपासणीला मी विचारणार होते, आणि तिथे गेल्यावर नंबर, वजन, गोळ्या, यातच वेळ गेला. त्यांनी मान वर केली नाही आणि मी तोंड उघडलं नाही.

त्याच आठवड्यात मी तुला मोरीत पकडलं. बादलीतल्या मगाने पाणी पीत होतीस, भिंतीकडे तोंड करून. मी ओरडले. काय काय ओरडले, शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. "चोरून पितेस? मी एवढं मोजून मापून करते आणि तू चोरून पितेस?" तू मग खाली ठेवलास. तोंड पदराने पुसलंस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पानी पेले, कुसे. चोरी न्हाई केली."

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मी फुलपात्र समोर ठेवायची, तू अर्धं पिऊन अर्धं परत ठेवायचीस. माझा सूड घेत होतीस ना? घे. पण मला एवढं सांग, मी काय करायला हवं होतं? प्यायलीस तर सूज, नाही प्यायलीस तर ही तहान. माझ्या हातात एक टोपण देऊन मला तुझ्यावर पहारेकरी कुणी केलं? मला तुझी बहीण राहायचं होतं.

वैशाखात तुला पुन्हा नेलं ते चालत नेलं नाही. मूत्रपिंडंही थकली होती. खाटेच्या पायाशी अडकवलेल्या कागदावर पाण्याचा आकडा आणखी खाली आला. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाली, "सलाईनमधून जातंय ते धरून आज तोंडाने दोनशे मिलीच." दोनशे मिली म्हणजे किती, हे मला आता विचारावं लागत नव्हतं. एक फुलपात्र. आठ वाजता मोठे डॉक्टर राउंडला आले. कागद बघितला, तुझा हात धरून नाडी बघितली, मागच्या दोघांशी इंग्रजीत हळू काहीतरी बोलले. दत्ताला म्हणाले, "सीरियस आहे, लक्ष ठेवा." आणि गेले.

मी ते फुलपात्र दिवसभर पुरवायचं ठरवलं. तासाला दोन चमचे. पण तुझे ओठ फुटले होते, तू मागत होतीस आणि माझा हात सैल सुटत होता. बारा वाजेपर्यंत फुलपात्र रिकामं झालं. दत्ता औषधं आणायला आणि गावाकडच्यांना कळवायला खाली गेला होता. मी कापूस ओला करून तुझ्या ओठांवरून फिरवत होते. तू कापूस दातात धरलास. सोडेनास. मला तो ओढून काढावा लागला.

"कुसे, पानी."

"थोडं थांब अक्का. संध्याकाळी देते."

तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस. राग होता त्यात, मी ओळखते तुझा राग. "संध्याकाळ लई लांब हाय," तू म्हणालीस.

त्यानंतर तू काही बोलली नाहीस. साडेतीनला गेलीस. खाटेशेजारच्या स्टुलावर लिटरभर पाण्याची सीलबंद बाटली होती. माझी. दत्ताने माझ्यासाठी आणली होती.

आणि मग बघ काय झालं. तुला गावी नेलं, अंगणात ठेवलं, तर भावकीतल्या म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. "तोंडात पानी घाला, पानी घाला." कुणी गंगाजलाची कुपी काढली, कुणी तुळशीचं पान आणलं. सुनेने घातलं, दत्ताने घातलं, पुतण्यांनी घातलं. चमचा चमचा मोजून देणारी मी, माझ्या हातातही पळी दिली. मी घातलं. ते तुझ्या ओठांच्या कडेने गळ्यावर ओघळलं. मला त्या सगळ्यांना घालवून द्यावंसं वाटलं. आता घालताय? आता कोण पिणार आहे ते?

दहाव्यानंतर कागदपत्रांसाठी मी दत्ताबरोबर दवाखान्यात गेले. दत्ता खिडकीशी रांगेत उभा राहिला आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसले, तुझ्याच बाकड्यावर. आत गेल्यावर मी सरळ विचारलं. "त्या दिवशी शेवटी ती पाणी मागत होती. मी दिलं नाही. दिलं असतं तर काय झालं असतं?"

त्यांनी फाईल उघडली, बंद केली. म्हणाले, "बघा, सकाळच्या राउंडलाच आमचं ठरलं होतं की आता फार काही करायचं नाही, फक्त त्रास कमी ठेवायचा. पाणी दिलं असतं तरी चाललं असतं. फरक पडला नसता."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी फाईल बाजूला सरकवली. "तुम्ही विचारलं नाही," म्हणाले.

अक्का, मी ओरडले नाही. तू असतीस तर ओरडली असतीस. मी खुर्चीवर बसून राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आणि तो माणूस काही राक्षस नव्हता गं. थकलेला होता, डोळे लाल होते, बाहेर चाळीस माणसं बसली होती. त्याने तुला सव्वा वर्ष गोळ्यांवर जगवलंही. पण पाणी बंद करायचा कागद लिहायला याला वेळ होता, आणि आता देऊ शकता एवढं म्हणायला नव्हता. मी विचारलं नाही! तुला अडाणी म्हणाला तेव्हापासून तर आम्हाला विचारायचीही चोरी होती.

परवा सुमनचा फोन आला. तू तिला माझा नंबर दिला होतास, मला ठाऊक नव्हतं. "अक्का हायेत का? मालकांना पुन्यांदा भरती केलंय. आता सातशे मिली म्हनत्यात. तीन पिशव्यांचं समजलं हुतं, ह्ये सातशे कसं बसवायचं?" मी तिला सांगितलं, तू गेलीस. ती फोनवरच रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, मी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझं माप पिशवीत घालून मी गेले. तोच वॉर्ड. तुझ्या खाटेवर दुसरं कुणी होतं, मी तिकडे बघितलं नाही. सुमनच्या नवऱ्याचा स्टीलचा पेला मोजला. अडीचशेचा निघाला. चहा, पेज, गोळ्या वजा करून पाण्याला दिवसाचे दीड पेले उरले. सुमन बोटांवर मोजत होती, नवरा उशीला टेकून आमच्याकडे बघत होता, इतक्यात राउंड आला.

मोठ्या डॉक्टरांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी कागद बघितला, सुमनला म्हणाले, "सातशेच्या वर जाऊ देऊ नका." ते वळणार तेवढ्यात मी खाटेच्या पायाशी, वाटेतच उभी राहिले.

"ही मोजून देईल," मी म्हटलं. "मी तिला पेल्यात बसवून दिलंय. पण मोजणं कधी थांबवायचं?"

मागच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सुमनला काही समजलं नाही, ती घाबरून माझ्याकडे बघत होती. डॉक्टर मला हात धरून खिडकीपाशी घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "अजून तशी वेळ नाही. हा माणूस घरी जाईल."

"आणि वेळ आली तर?"

"आली तर सांगू."

"कोण सांगणार? हिला विचारायचं सुचणार नाही. मलाही सुचलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. तेव्हा ओळखलं असावं. "मी सांगेन," ते म्हणाले. "मी स्वतः सांगेन तिला."

मी वाट सोडली. ते पुढच्या खाटेकडे गेले. सुमन माझ्याजवळ येऊन विचारत होती, "बाई, कशाची येळ म्हनत हुते?" मी तिला व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं, जसं तुला कुणी सांगायला हवं होतं आणि मला कुणी सांगायला हवं होतं. एखादी वेळ अशी येते की तेव्हा मोजायचं नाही, मागेल तेवढं द्यायचं. ती डोळे पुसून आत गेली, पेल्यात दोन बोटं पाणी ओतलं आणि नवऱ्याच्या मानेखाली हात घालून त्याला पाजलं.

तीन-चार शब्दांचा प्रश्न होता गं अक्का. त्या दिवशी सकाळी आठ वाजता तो माणूस तुझा हात हातात धरून उभा होता, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर रिकामी उभी होते.